जनाबाईच्या घरी कचरा निघत नाही

आमच्या तांडापेठेतल्या गल्लीत कबाडी येतो तो दुरूनच ओरडत येतो. "ए टीन-टप्पर, रद्दी-पेप्पर, फूटी बाल्टीऽऽय!" शेवटचा 'य' नाकातून, आणि इतका लांब, की एका दाराशी सुरू झालेला दुसऱ्या दाराशी संपावा. पण जनाबाईच्या दारासमोर तो 'य' गिळून पुढे जायचा. माझ्या आईने एकदा त्याला विचारलं, "काहून गा, तिच्या घरी नाही थांबत?"

त्याने सायकलचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. म्हणाला, "भाभी, वहाँ रुका तो मेराच घंटी-बिंटी खोल के रख लेंगी. बोलेंगी, कामी पडन."

'कामी पडन' हे जनाबाईचं. सगळी गल्ली ते तिच्या आवाजात म्हणते. चरखा करकरतो तसा आवाज काढायचा, हनुवटी पुढे करायची, आणि हातातली वस्तू डोळ्यांजवळ नेऊन म्हणायचं, "ठेव वं, कामी पडन." मग ती वस्तू गंजलेला खिळा असो की फुटक्या कपाचा कान.

एक लुगडं तिच्या घरात किती जन्म घेतं ते ऐका. आधी ते सणाचं. मग रोजचं. मधे विरलं की मधोमध फाडून, विरलेला भाग काढून, दोन धड तुकडे जोडायचे; याला दांड घालणं म्हणतात. दांड घातलेलं लुगडं आणखी दोन-तीन वर्षं चालतं. मग त्याचा परकर. मग उशीची खोळ. मग भाकरी बांधायचं फडकं. मग पोतेरं. पोतेरंही विरलं की ते चुलीत, चुलीतली राख भांड्यांना, आणि भांडी घासलेलं पाणी मागच्या पपईच्या बुडाशी. माझे बाबा म्हणतात, "जनाबाईच्या घरची पपई खाल्ली का तिच्या लग्नातलं लुगडं पोटात जाते."

संत्र्याच्या साली वाळवून ती पोत्यात भरायची, चूल पेटवायला. डालड्याचे डबे फळीवर, लहानापासून मोठ्यापर्यंत. किराण्याच्या पुडीचा दोरा सोडवून तिने जो गोळा केला होता तो नारळाएवढा झाला होता. अर्धी जळलेली काडीसुद्धा ती टाकत नव्हती. एका चुलीवरून दुसऱ्या चुलीला विस्तव न्यायला ती पुरते. शेजारची कुसुमावती तिची पक्की मैत्रीण. ती एकदा सगळ्या बायांसमोर नळावर म्हणाली, "जनाबाई, माहा नवरा जुना झाला वं. त्याचं काही होते का पाह्य."

जनाबाई घागर डोक्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "होते ना. पन दांड घालाचा म्हनजे आधी मधातून फाडा लागन. धरतं का पाय?"

अख्खा नळ हसला.

जनाबाईचा नवरा नत्थूजी हा विणकर. पुढच्या खोलीत जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसतो, सोसायटीचं सूत आणतो, लुगडी विणून देतो. त्याची नक्कल गल्लीत कोणालाच जमत नाही, कारण तो बोलतच नाही. दिवसभर बोलतो तो त्याचा माग. खटक-फट, खटक-फट. मधे थांबला की समजायचं, धागा तुटला. जास्त वेळ थांबला की समजायचं, चहा आला.

या दोघांची एकच लेक, प्रेमिला. पारशिवनीला दिलेली. घरचं शेत आहे, नवरा विश्वनाथ स्वभावाने गरीब. सारं ठीक होतं, पण लेकरू टिकत नव्हतं. पहिलं जन्मलं ते रडलंच नाही. दुसरं रडलं, हसलं, कुशीवर वळायला लागलं, आणि एका तापात गेलं. मागच्या दिवाळीनंतर प्रेमिला तिसऱ्यांदा पोट घेऊन माहेरी आली, तेव्हा ती बैलगाडीतून उतरावं तशी सायकल रिक्षातून उतरली, जपून, पाठमोरी. दारात जनाबाईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. तोही तिने टाकला नाही. गाईला नेऊन घातला.

जिजाबाई दाई दुसऱ्याच दिवशी आली. जिजाबाईच्या तोंडात सदा तंबाखू असतो, म्हणून ती हनुवटी वर करून, ओठ न उघडता बोलते. तिचं बोलणं डेऱ्यातून आल्यासारखं वाटतं. प्रेमिलाच्या पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "हे टिकवाचं असंन तं ध्यानात ठेव. याले नवं काही नोको घालू. बारसं होयेपर्यंत कोऱ्या कापडाचा धागाबी नोको. लोकायच्या घरून मागून आन. जुनं, फाटकं, फेकासारखं. ज्याले दुनिया फेकते त्याच्याकडे यम पाह्यत नाही."

जनाबाई म्हणाली, "हे तं मले जमते."

"मागून आनाचं," जिजाबाईने बोट वर केलं, "उचलून नाही. पदर पसराचा. आन् देनाऱ्यानं प्रेमानं नाही द्याचं. हिडीसफिडीस करून द्याचं."

दुसऱ्या दिवसापासून जनाबाई घरोघरी पदर पसरून हिंडायला लागली. चिंध्या मागायच्या त्या जित्याजागत्या, पिकल्या माणसांच्या. त्यांचं आयुष्य लेकराला लागतं म्हणतात. म्हणून ती आधी बापूजींकडे गेली. बापूजी म्हणजे गल्लीतला सगळ्यात म्हातारा माणूस. कानाने ठार बहिरे, त्यामुळे सगळं जग बहिरं आहे असं समजून बोलतात.

"बापूजी, तुमचं जुनं धोतर पायजे होतं."

"आँ? जिता आहो मी अजून! धोतर कायले उतरवता?"

"लेकरासाठी जी! प्रेमिलाच्या!"

"प्रेमिलाले धोतर?"

शेवटी सुनेने कानात ओरडून सांगितलं. बापूजी उठले. मग आत गेले, दोरीवरचं धोतर आणलं, आणि दात नसलेल्या तोंडाने जमेल तेवढं रागावून म्हणाले, "घे! जाय! सडलं होतं, फेकूनच देनार होतो!" आणि ते धोतर इतकं स्वच्छ होतं की त्यांची सून दुसरीकडे बघायला लागली.

कुसुमावतीला मात्र शिव्या देणं जमलं नाही. "घे, मेलं," एवढं ती म्हणाली आणि तिलाच रडू आलं. जनाबाईने पदर मागे घेतला. "असं नाही चालत वं. रडू नोको. नीट हिडीस कर." मग कुसुमावतीने नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, "घे, भिकारडे, उचल हे पोतेरं!" तेव्हा कुठे जनाबाईचा पदर पुढे आला. दोघी जणी दारात गळ्यात गळा घालून हसल्या.

भैयाजी हे सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचं प्रत्येक वाक्य 'असं आहे, बरं का' पासून सुरू होतं आणि कुठे संपेल ते त्यांनाही माहीत नसतं. ते स्वतःहून मांजरपाटाचा कोरा तुकडा घेऊन आले. जनाबाईने हातसुद्धा लावला नाही.

"असं आहे, बरं का जनाबाई, सोसायटीचा माल आहे हा. धुऊन-धाऊन लोकायचं पोतेरं लेकराच्या अंगाले लावता, अन् हे चांगलं कापड..."

"चांगलं आहे म्हनून तं नोको जी."

भैयाजींना त्याचा राग आला. कापड घडी करून ते घेऊन गेले. पण चांगला माणूस आहे तो.

त्या चिंध्या जनाबाईने राखेच्या पाण्यात उकळल्या, कडुनिंबाचा पाला टाकून पुन्हा उकळल्या, उन्हात वाळवल्या. प्रत्येक तुकडा ती गालाला लावून पाहायची. टोचला तर पुन्हा भट्टीत. त्यांची झबली शिवली, ती शिवण बाहेरून ठेवून, म्हणजे आत लेकराला कोर लागायला नको. गाठ एकही मारली नाही. दुपटी झाली, लंगोट झाले, टोपरी झाली. बापूजींच्या धोतराचं एक, माझ्या आजीच्या लुगड्याचं एक, कुसुमावतीच्या सासऱ्याच्या बंडीचं एक. ते सारं दोरीवर वाळत घातलं की असं वाटायचं, गल्लीतली सगळी म्हातारी माणसं आखडून लहान झाली आणि दोरीवर बसली.

इकडे नत्थूजी काही तरी करून राहिला होता, ते आधी कोणाला समजलं नाही.

लुगडं विणून संपलं की मागावर ताण्याच्या उभ्या धाग्यांची हातभर टोकं उरतात. ती विणता येत नाहीत. त्यांना दशा म्हणतात. जनाबाई त्यांच्या नाड्या वळायची, वाती करायची. त्या महिन्यात नत्थूजी म्हणाला, "दशा मले ठेवजो." एवढंच. मग सोसायटीचं काम आटोपलं की तो टोकाला टोक गाठत बसायचा. लाल टोकाला हिरवं, हिरव्याला जांभळं, जांभळ्याला हळदी, जे हाती येईल ते. गाठ मारायची, दाताने शेपूट तोडायचं. त्या गाठींचाच त्याने ताणा केला, गाठींचाच बाणा केला, आणि एक दिवस मागावरून उतरवून हातभर रुंदीचं एक पांघरूण जनाबाईच्या पुढ्यात ठेवलं. इतके रंग एका जागी गल्लीत कोणी पाहिले नव्हते. नवरात्रातली दुकानं असतात तसं ते दिसत होतं.

जनाबाईने ते उचललं. डोळ्यांजवळ नेलं. गालाला लावलं. आणि खाली ठेवलं.

"नवं आहे," ती म्हणाली.

"दशीचं आहे. टाकाऊ."

"सूत टाकाऊ. कापड नवं."

"तूच तं म्हनतं, कामी पडन."

"तुमी समजून घ्या ना जी. कोरा धागाबी नोको म्हनलं तिनं."

"कोरा कुठं आहे? गाठीगाठीचा आहे."

त्या दोघांचं एवढं लांब बोलणं गल्लीने पहिल्यांदा ऐकलं, म्हणून आम्ही सगळे दारात जमलो. टाकाऊ सुताचं कापड नवं की जुनं? कुसुमावती म्हणाली, जुनं. भैयाजी म्हणाले, "असं आहे, बरं का, मागावरून उतरलं ते नवंच, सोसायटीचा नियम आहे." जिजाबाईने हनुवटी वर करून नुसती मान हलवली, त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीचा घेतला. शेवटी बापूजींना ओरडून विचारलं. त्यांनी कापड हातात घेऊन ताणलं आणि अख्ख्या तांडापेठेला ऐकू जाईल असा निकाल दिला. "वापरल्याबगर जुनं होत नाही! माह्याकडे पाह्य!"

नत्थूजीला तेवढं पुरे होतं. त्याने ते कापड उचललं, झटकलं आणि डोक्याला बांधलं.

त्या दिवसापासून ते त्याच्या डोक्यावरच. मागावर बसला की त्यानेच घाम पुसायचा. विहिरीवर त्यानेच अंग पुसायचं. दुपारी तेच उशाला, रात्री तेच कानाला. धुऊन पिळायचं आणि ओलंच पुन्हा बांधायचं. प्रेमिला म्हणाली, "बाबा, सर्दी होईन ना!" तर म्हणाला, "जुनं करून राह्यलो." आम्ही पोरं येता-जाता खिडकीतून ओरडायचो, "नत्थूजी काकाऽ, झालं का जुनं?" माग थांबायचा. तो कापडाचं टोक पुढे ओढून डोळ्यांजवळ न्यायचा, अगदी जनाबाईसारखं, आणि सांगायचा, "थोडं राह्यलं." खटक-फट.

पण लेकराने थांबायचं नाकारलं. पौषाच्या थंडीत, दिवस भरायच्या आधीच ते आलं. मुलगा. वाळक्या संत्र्याएवढं तोंड, पण आवाज असा की कबाड्याने ऐकावा. जिजाबाई बाहेर येऊन म्हणाली, "आहे बाप्पा एक माकड!" आणि आम्ही सगळे नाचलो.

अशा लेकराचं कौतुक करायचं नसतं. उलट नावं ठेवायची असतात. मग काय विचारता! गल्लीतल्या बाया रांगेने आल्या आणि जिचं-तिचं तोंड उघडलं. "कसं वं हे, उंदरावानी!" "नाक पाह्य, कोनी बसलं का याच्यावर?" "काळं तं असं, चुलीतून काढलं काय?" माझ्या आजीने तर चार हातांवरून पाहून थू केलं. प्रेमिला उशीला टेकून हे सगळं ऐकत होती आणि प्रत्येक शिवीला तिचा चेहरा उजळत होता. विश्वनाथ पारशिवनीहून आला. त्याला ही रीत ठाऊक होती, पण त्या गरीब माणसाला शिवी सुचेना. लेकरावर वाकून तो म्हणाला, "बरं... बरं नाही दिसत." आणि बाहेर जाऊन डोळे पुसले.

एकच गोष्ट उरली होती. असं लेकरू आपल्या घरच्या उकिरड्यावर टाकायचं असतं. दुसऱ्याने ते उचलायचं, आणि घरच्यांनी मूठभर कोंडा देऊन विकत घ्यायचं. नाव कचरू ठेवायचं. झालं, मग ते कोणाचं नाही, यम त्याला शोधत नाही.

सकाळी सूप तयार झालं. सुपात लेकरू. अंगात बापूजींच्या धोतराचं झबलं, वरून माझ्या आजीच्या लुगड्याचं दुपटं. धुकं असं की समोरचं दार दिसत नव्हतं. जिजाबाई म्हणाली, "चला, कुठं आहे उकिरडा?"

आणि सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. जनाबाईच्या घरी उकिरडाच नव्हता.

"माह्या घरचा घे," कुसुमावती म्हणाली. "काल रात्रीचा आहे, ताजा."

"आपल्या घरचा लागते," जिजाबाई म्हणाली.

मागच्या अंगणात पाहिलं. झाडलेलं, सारवलेलं. पपईखाली चिमूटभर राख. कोणी तरी हसलं. "जनाबाई, आता कसं करतं? थोडासा उधार घे!" जनाबाई मधोमध उभी होती. मग ती आत गेली.

आतून ती संत्र्याच्या सालींचं पोतं घेऊन आली आणि दारापुढे उलटं केलं. पुन्हा आत गेली. डालड्याचे डबे आले, एकात एक घातलेले, ते खणखणत पडले. मग काचेच्या बाटल्या. मग खिळ्यांचं डबडं. मग फाटक्या छत्रीच्या काड्या, चपलांचे तळ, रिकामी रिळं, कपांचे कान. मग तो नारळाएवढा दोऱ्याचा गोळा. ती येत होती, टाकत होती, पुन्हा जात होती. आता कोणी हसत नव्हतं. कुसुमावती म्हणाली, "बस ना वं आता, झाला तेवढा." जनाबाई म्हणाली, "खोटा नाही पायजे." एकदा टाकलेलं पुन्हा घरात आणायचं नसतं, हे तिला माहीत होतं. ती फळी रिकामी होईपर्यंत थांबली नाही.

तेवढा वेळ लेकरू सुपात होतं. नत्थूजी सुपाजवळ उभा होता. त्याने डोक्याचं कापड सोडलं होतं आणि दोन्ही हातांत धरलं होतं.

"थंडी आहे वं," तो म्हणाला. "वरून तरी टाकतो."

"नाही."

"झालं ना आता जुनं. पाह्य तं खरं."

जनाबाई थांबली. तिच्या हाताला सालींचा वास येत असेल, म्हणून तिने कापड हातात न घेता त्याच्यावर नाक टेकवलं. सगळे तिच्याकडे पाहत होते. तिला ते हवं होतं. तेवढं आम्हालाही समजत होतं.

"मागाचा वास येते अजून," ती म्हणाली. "खळीचा. नाही जी. बारसं झालं का मंग तुमचंच घालतो. मंग काढनारच नाही."

नत्थूजीने कापड पुन्हा डोक्याला बांधलं.

सूप त्या ढिगावर ठेवलं. ठरल्याप्रमाणे बापूजी काठी टेकत आले, आणि त्यांनी जे नाटक केलं ते या गल्लीत पुन्हा होणार नाही. "कोनाचं हो हे? कोन्या भल्या मानसानं टाकलं?"

"कोनाचंच नाही जी!" सगळे ओरडलो.

"आँ?"

"कोनाचंच नाही!"

"मंग मी नेतो! म्हशी राखाले होईन!" त्यांनी सूप उचललं. हात थरथरत होते, म्हणून खालून सुनेने धरलं. नत्थूजीने ओंजळभर कोंडा पुढे केला. बापूजींनी कोंडा निरखून पाहिला. "थोडा कमी आहे. पन मालबी बेकारच आहे. घेऊन जाय!" लेकरू तेव्हा शिंकलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. शिंक म्हणजे शुभ.

त्या दिवशी कबाडी आला तो जनाबाईच्या दारासमोर पहिल्यांदा थांबला. डबे, बाटल्या, खिळे, सगळं पाहून त्याने हँडल सोडलं. "मावशी, ये सब? फेक दिया?"

"ने बाबा," जनाबाई आतून म्हणाली. "सारं ने. आमच्या घरी कचरू आला."

कचरूची छाती दोन-तीन दिवसांनी वाजायला लागली. आधी ते दूध ओढायचं सोडून धापा टाकायचं. जिजाबाईने ओव्याची पुरचुंडी शेकली. मग ओठ निळे दिसायला लागले, तेव्हा विश्वनाथ त्याला छातीशी धरून सायकल रिक्षाने सदरला डॉक्टरकडे घेऊन गेला. जनाबाई सोबत होती. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि विचारलं, "दिवस भरायच्या आधीचं आहे ना? थंडी लागली का याला?" जनाबाई दुपट्याचं टोक खोचत राहिली. त्यांनी सुई दिली, सरकारी दवाखान्यात न्यायला चिठ्ठी दिली. तिथेही लोकांनी धावपळ केली. बारशाच्या आधीच, एका दुपारी, ते तिघं परत आले. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि विश्वनाथ उतरला तो असा चालत आला, की कोणी काही विचारलं नाही.

प्रेमिला ओरडली नाही. ती म्हणाली, "मले द्या," आणि घेऊन बसली. तिचं दूध येतच होतं, झंपर भिजत होतं. कुसुमावती तिच्या मागे बसून तिला धरून होती.

एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. बाहेर पुरुष जमले. बापूजी भिंतीला टेकून बसले होते आणि आपल्या समजुतीने हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनेला विचारत होते, "माह्या धोतरात काही खोट होती काय वं? माहं आयुष्य काहून नाही लागलं त्याले? मले काय कराचं आहे याचं आता?" सून त्यांना उठवायला बघत होती, ते उठत नव्हते.

भैयाजी तो मांजरपाटाचा तुकडा घेऊन आले. तोच, परत नेलेला. त्यांनी 'असं आहे, बरं का' म्हटलं नाही. उंबऱ्याबाहेर उभे राहून ते म्हणाले, "जनाबाई, कोरं कापड लागते. हे कोरं आहे."

मेलेल्याला कोरंच लागतं. जुनं चालत नाही. हे जनाबाईला कोणी सांगायला नको होतं.

तिने ते कापड घेतलं, उंबऱ्यावर ठेवलं, आणि मागाच्या खोलीत गेली. नत्थूजी खड्ड्यात पाय सोडून बसला होता. मागावर अर्धं लुगडं होतं, त्यावर हात ठेवलेले.

"ते द्या," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

"डोक्याचं. द्या."

"ते नाही चालत आता," नत्थूजी म्हणाला. "जुनं झालं. मी वापरलं ना."

"द्या ना जी."

त्याने ते सोडलं. सोडताना हाताला गाठ सापडेना, म्हणून तिनेच सोडली. ते मऊ झालं होतं. रंग उतरून एकमेकांत गेले होते. तिने ते गालाला लावलं, आणि बाहेर निघाली. मग नत्थूजी खड्ड्यातून उठला आणि तिच्या मागे आला.

प्रेमिलाच्या मांडीवरून जनाबाईने लेकरू घेतलं आणि उंबऱ्याजवळ, भुईवर ते कापड पसरून त्यावर ठेवलं. भैयाजींच्या लक्षात आलं तेव्हा ते खाली वाकले. "जनाबाई, उतरलेलं कापड नाही चालत वं. कोरं पायजे. मी आनलं ना."

"त्याले थंडी वाजते," जनाबाई म्हणाली.

भैयाजी सरळ झाले.

तिने आधी पाय गुंडाळले. दोन्ही तळवे एकत्र धरून, चोळून, मग कापड वरून घेतलं. एक पदर डावीकडून, एक उजवीकडून. हात आत घेतले. कानांवरून फिरवून हनुवटीखाली खोचलं, जित्या लेकराला खोचतात तसं, घट्ट, पण दोन बोटं जातील एवढी जागा ठेवून. नत्थूजीने एक सुटलेलं टोक पाहिलं आणि वाकून आत सारलं. इतक्या रंगांत ते तोंड आणखीच लहान दिसत होतं.

विश्वनाथने हात पुढे केले. ती देईना.

"तोंड झाका लागते, माय," तो म्हणाला.

"झाकतो ना," जनाबाई म्हणाली. "थांब जराकसा."